सोडणं कुजायचे दिवस

आमच्या वाडीतली पहिली पदवीधर मी. म्हणून आईच्या कर्जाचा अर्ज मीच भरला, चांगल्या ठसठशीत अक्षरात. काथ्याचा रहाट घ्यायला बँक पैसे देत होती. त्याआधी आई मालवणला महिनाभर शिकून आली होती. रहाटावर सुंब कसा वळायचा, दर कसा लावायचा, गिऱ्हाईक कुठे शोधायचं. अर्जात एक रकाना होता: उत्पन्न कधी सुरू होईल? मी लिहिलं, दोन महिन्यांत. शिकवणीत काथ्या तयार मिळायचा. घरी सोडणं, म्हणजे नारळाची सालं, आठ-नऊ महिने खाडीच्या चिखलात कुजवावी लागतात. आमची तर नुकतीच पुरलेली. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण आईला विचारावंसं वाटलं नाही.

रहाट घरी आला, पहिल्या हप्त्याची तारीख जवळ आली. चुकला तर रहाट उचलू, असं बँकेचा माणूस सांगून गेला. मला घरात बसवेना. दिवसातून दोनदा खाडीवर जायची, सोडण दाबून बघायची. दगड!

"अंडी उबवतंस काय गो?" शेजारची काकी ओरडायची.

"आये, काढूया आता," मी म्हटलं.

"तुझ्या बीएक तीन वर्सां लागली. तुका कोणी म्हटल्यान, आठ म्हयन्यांत आटप?"

तरी आई बाजाराला गेलेली बघून मी थोडी सोडणं काढलीच. बडवून हाताला फोड आले. काथ्या निघाला तो काड्यांसारखा, रहाटावर चढवला की तुटायचा. आई आली, बघितलं. मग खाडीवर जाऊन उरलेल्या सोडणांवर दाबून ठेवलेले दगड पुन्हा नीट लावून आली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दोघी बँकेत गेलो. मी शुद्ध मराठीत वाक्यं जुळवत होते, तोवर आईने साहेबांच्या टेबलावर दोन मुठी काथ्या ठेवला.

"ह्यो माझ्या चेडवान घायेन काढलेलो. ह्यो गेल्या वर्साचो उरलेलो, नीट कुजलेलो. ओढून बघा."

साहेबांनी ओढला. पहिला तटकन तुटला, दुसरा तुटेना. बोटं हुंगून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"किती दिवस लागतील, बाई?"

"पावसाआधी पैसे देतंय. घाय असात तर रहाट न्या, आणि ह्यो तुटको काथो पण न्या."

साहेब हसले. नवा कागद माझ्याकडे सरकवला. तोच रकाना. मी पेन उघडलं.

"काय लिहू, आये?"

"मे म्हयनो," ती म्हणाली. "आणि अक्षर वायच बारीक काढ."