दोघींनी मिळून

"पुढचेऽऽ!"

ठेवींच्या खिडकीतून ही हाक आली की रांगेतला माणूस आपोआप ताठ व्हायचा. 'पु' पोटातून उचललेला, 'ढ' दातांत धरलेला आणि 'चे' असा लांबवलेला, की त्याचं शेपूट दारातल्या पहारेकऱ्याला शिवून परत यावं. शाखेतल्या प्रत्येकाला ही हाक काढता यायची. रोखपाल तर जेवणाच्या सुट्टीत डबा उघडतानाही काढायचा. पण हाक मुळात ज्या बाईंची, त्यांच्यासमोर काढायची कोणाची छाती नव्हती. त्यांना पाठीमागे सगळे व्याजताई म्हणत आणि समोर मॅडम.

एकतीस वर्षं त्या त्याच खिडकीत. शेजारी व्याजदरांचा लाकडी फळा, त्यावर खिळ्यांना टांगलेले पत्र्याचे आकडे. दर बदलल्याचं पत्र आलं की व्याजताई चपला काढून स्टुलावर चढत. शिपाई स्टूल धरून उभा.

"जपून हां मॅडम. मागच्या वेळी साडेसात माझ्या डोक्यात पडले होते."

"तेवढेच पडले ना? साडेअकरा पडले असते तर?"

दर बदलला की दुसऱ्या दिवशी रांग ठरलेली. त्या रांगेत एकदा कडक इस्त्रीच्या शर्टातले एक आजोबा आले, आयुष्यभर बस चालवलेले, त्यामुळे समोरच्याशी इंजिनावरून बोलावं तसं बोलणारे.

"अहो मॅडम! दर वाढले म्हणतात! मग माझ्या बाँडची किंमत उतरली कशी? वाढलं तर सगळंच वाढायला नको?"

"आजोबा, समजा तुमचा एक गाळा आहे. भाडं आठ. पंधरा वर्षांसाठी ठरलेलं, एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही. आता समोरच्या गल्लीत तसाच गाळा अकराने जातोय. तुमचा आठवाला गाळा कोणी पूर्ण किमतीला विकत घेईल?"

"मी तरी नाही घेणार!"

"मग विकायचा तर स्वस्तात द्यावा लागणार. दर वर, किंमत खाली." व्याजताईंचे दोन हात तराजूसारखे हलले. "पण विकायची घाई कोणाला आहे? मुदत संपेपर्यंत धरून बसा. शंभराचे शंभर परत, वर दर सहा महिन्यांनी ठरलेलं व्याज. व्याज म्हणजे थांबण्याचं भाडं, आजोबा."

"म्हणजे नुसतं बसण्याचे पैसे?"

"नुसतं बसण्याचे."

"हे एकदा घरी येऊन आमच्या हिला सांगा हो!"

सगळी रांग हसली. व्याजताईही हसल्या, आणि मग उगाचच खण उघडून बंद केला. त्या खणात त्यांचा स्वतःचा बाँड होता.

पंधरा वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान विकलं गेलं. पैशाला वाटेकरी दोनच, व्याजताई आणि त्यांची धाकटी बहीण. धाकटी शिवणकाम करायची आणि नकला करायची, आणि यातलं पोट कशावर चालतं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. भिंग डोळ्याला लावून घड्याळाशी भांडणारे वडील, उधारीवालं गिऱ्हाईक, शेजारच्या काकूंची शिंक, सगळं तिच्या गळ्यात. "पुढचेऽऽ!" ही नक्कल पहिल्यांदा काढली तीही तिनेच, जेवायच्या टेबलावर, भाताचा चमचा हातात धरून.

तीच धाकटी समुद्रापलीकडे निघाली होती. तिकडे शिवणाची चांगली मागणी होती म्हणे. निघायच्या आठवड्यात व्याजताईंनी तिला बँकेत आणून खिडकीसमोर बसवलं.

"पंधरा वर्षांचा बाँड, छोटे. आठ टक्के. निम्मं व्याज तुझं, मी पाठवत जाईन."

"पंधरा वर्षं? ताई, पंधरा वर्षांत मी म्हातारी होईन!"

"मग म्हातारपणाला होईल. सही कर."

फॉर्मवर एक चौकट असते, पैसे कोणाच्या सहीने काढायचे त्याची. 'दोघांपैकी कोणीही' किंवा 'दोघांनी मिळून'. येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला, भावंडांना, मायलेकींना व्याजताई पहिलीवर खूण करायला लावत. "उगाच एकमेकांसाठी खोळंबू नका," हे वाक्य त्यांनी हजारदा तरी म्हटलं असेल. आपल्या फॉर्मवर मात्र त्यांनी दुसऱ्या चौकटीत खूण केली. धाकटीने पाहिलंही नाही. आज ना उद्या मुदत संपेल, दोघींच्या सह्या लागतील, मग तिला यावंच लागेल, असा तो हिशेब होता. बँकेतल्या बाईला माणूस बांधून ठेवायला दुसरं काय सुचणार?

पहिली सहा वर्षं छान गेली. व्याज पाठवलं की फोन यायचा. "मिळाले गं ताई, आणि ऐक," आणि पुढे अर्धा तास तिकडच्या घरमालकिणीची नक्कल. व्याजताई रिसीव्हर कानापासून लांब धरून हसायच्या.

सातव्या वर्षी ती घरमालकीण जागा विकायला निघाली. पुढे दुकान, मागे राहायची खोली, सगळं धाकटीचं बस्तान तिथेच. आधी विचारणा तिलाच झाली. तिने फोन केला, त्यात नक्कल नव्हती.

"ताई, बाँड विकू या. माझा वाटा मिळाला की जागा माझी होते."

नेमके त्याच वर्षी दर अकरावर गेले होते. व्याजताईंनी कागद घेतला, आकडेमोड केली. "शंभराला त्र्याऐंशी मिळतील, छोटे. सतरा वाया. नऊ वर्षं थांबलीस तर पूर्ण शंभर."

"मला कळतं ते. पण मला आज त्र्याऐंशीच हवेत."

"तोट्यात कशी सही करू मी? रोज लोकांना सांगते, थांबा म्हणून."

"मी लोक आहे का?"

धाकटीने विक्रीचा फॉर्म सही करून टपालाने पाठवला. व्याजताईंनी आपली सही केली नाही. त्यांच्या हिशेबात दशांशाचीही चूक नव्हती. जागा दुसऱ्याने घेतली, महिन्याभरात दुकान उठलं, आणि धाकटी दुसऱ्याच्या कारखान्यात मशीनवर बसली. त्यानंतर व्याज पाठवलं की फोन यायचा बंद झाला. मोबाइलवर एक शब्द यायचा, "मिळाले." दर सहा महिन्यांनी एक, नऊ वर्षांत अठरा. व्याजताईंनी ते सगळे जपून ठेवले होते. काही पूर्णविरामासह होते, काही विनापूर्णविराम. पूर्णविराम नसलेला आला की त्यांचा दिवस बरा जायचा.

आणि आता मुदत संपली होती. शेवटचं व्याज गेलं, अठरावं "मिळाले" आलं, आणि बाँडची रक्कम शाखेच्या एका बिनव्याजी खात्यात जाऊन बसली. पुढे दोघींच्या सह्या हव्या होत्या. धाकटीला फॉर्म टपालाने पाठवता आला असता, तिथल्या बँकेत सही करून चार दिवसांत तो परत आला असता. व्याजताईंनी तो पाठवला नाही. पाठवला की सही होणार, सही झाली की पैसे वाटले जाणार, आणि मग आयुष्यात "मिळाले" येण्याचं काही कारणच उरणार नव्हतं. त्यांनी फक्त एवढंच कळवलं होतं, "मुदत संपली. ये." उत्तर आलं नव्हतं. रोज दार वाजलं की त्यांची मान वर व्हायची, आणि आत यायचा कोणीतरी पासबुक भरून घेणारा.

एक्केचाळिसाव्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेबांचं प्रत्येक वाक्य "काय आहे ना" या उंबरठ्यावरून आत यायचं.

"काय आहे ना मॅडम, तपासणी येतेय. पडून राहिलेल्या रकमांची यादी काढली. पहिलं नाव तुमचं! काय आहे ना, दुसरं कोणी असतं तर तुम्हीच त्याला फाडून खाल्लं असतं. एक्केचाळीस दिवस! बिनव्याजी!"

"बहीण यायची आहे, साहेब."

"कधी?"

व्याजताईंनी टेबलावरची यादी उलटी करून ठेवली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, फक्त शिकवल्याशिवाय त्याला राहवत नसे. "काय आहे ना, बँक कशी चालते? लोक ठेवणार सहा महिन्यांसाठी, आपण कर्ज देणार वीस वर्षांसाठी. मग उद्या कोणी अचानक मागायला आलं तर? म्हणून थोडे हाताशी ठेवायचे, थोडे मोडता येतील असे, भले मोडताना चार पैसे गेले तरी चालतील. आलेला माणूस खिडकीवरून रिकाम्या हाताने गेला की संपलं. मग तुमच्या तिजोरीत कितीही असू द्या. तो काही परत येत नाही."

हे व्याजताई एकतीस वर्षं नव्या लोकांना शिकवत आल्या होत्या. पण त्या दिवशी त्या खुर्चीतून उठेनात. साहेब घाबरले, "पाणी मागवू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वी एक आली होती, साहेब. खिडकीवर."

साहेबांना काहीच कळलं नाही. त्यांनी तरीही पाणी मागवलं.

जेवणाच्या सुट्टीत व्याजताई जुन्या खातेवह्यांच्या खोलीत गेल्या, दार लोटलं आणि फोन लावला. पलीकडे मशीनची घरघर, मग ती थांबली.

"बोल."

"मी बोलतेय."

"कळलं. काय, फॉर्म?"

"फॉर्म पाठवते. पण आधी ऐक. तेव्हा सही करायला हवी होती मी."

पलीकडे कोणीतरी दूर कात्री ठेवल्याचा आवाज आला.

"सतरा वाचवले मी," व्याजताई म्हणाल्या. "तुझे साडेआठ, माझे साडेआठ. मला ते नकोत, छोटे. मला तुझा फोन यायला हवा."

"आता जागा मिळणार आहे का ती?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. सांगायचं होतं."

व्याजताईंनी पुढ्यातल्या खातेवहीवरची धूळ बोटाने पुसली, पुन्हा पुसली.

"मला यायला जमणार नाही, ताई," धाकटी म्हणाली. "सुट्टी नाही. आणि खरं सांगू, मन पण नाही अजून."

"बरं."

"आता दर काय चाललाय?"

"सव्वासात. एक वर्षाला."

"सहा महिन्यांना?"

"साडेसहा."

"मग सहा महिन्यांसाठी परत ठेव."

व्याजताईंना आपल्या ऐकण्यात काही चुकलं का, हे कळेना. "सगळे? तुझेही?"

"माझेही. पण एक सांग. मध्येच मी मागितले तर?"

"मोडू."

"तोट्यात?"

"तोट्यात."

"सही करशील? की कागद घेऊन बसशील?"

"डोळे मिटून करीन."

"डोळे मिटून नको बाई, सही जुळणार नाही." हे वाक्य धाकटीने हुबेहूब बँकेच्या खिडकीच्या आवाजात म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर तिचं तिलाच ते नकोसं झालं असावं. ती चटकन म्हणाली, "चल, मला काम आहे."

"छोटे, चौकट कोणती करू? 'दोघांपैकी कोणीही' करते. तुला खोळंबा नको."

मशीन पुन्हा सुरू झालं. व्याजताईंना वाटलं, ठेवला फोन.

"असू दे तीच," घरघरीतून आवाज आला. "मिळून."

दोन वाजता खिडकी उघडली. रांग लागली होती, सगळ्यांत पुढे तेच बसवाले आजोबा. व्याजताईंनी फॉर्म पुढ्यात ओढला, मुदतीच्या रकान्यात 'सहा महिने' लिहिलं, दुसऱ्या चौकटीत खूण केली, आपली सही केली. शेजारची सहीची जागा मोकळी होती. त्या मोकळ्या जागेवर त्यांनी क्षणभर अंगठा टेकला, मग फॉर्म पाकिटात घातला आणि पत्ता लिहिला.

मग त्यांनी तोंड उघडलं. 'पु' नीट आला, 'ढ'ही आला, पण 'चे' अर्ध्यातच बारीक झाला आणि दारापर्यंत पोहोचलाच नाही. पहारेकऱ्याने वळून पाहिलं.

"मॅडम! आज आवाज बसला का हो?" आजोबा इंजिनावरून ओरडले.

"बसला थोडा," व्याजताई म्हणाल्या. "द्या इकडे पासबुक."