हिऱ्यातून परतणारा प्रकाश

आई गेल्यावर तिची हिऱ्याची अंगठी तपासून घ्यायला मी बाबांना घेऊन रत्नपरीक्षण केंद्रात गेले. परीक्षक बाईंनी तो गोल हिरा भिंगाखाली सावकाश फिरवून पाहिला. म्हणाल्या, "हिरा स्वच्छ आहे, पण कटची प्रत साधारण. वजन राखायला तो जास्त खोल कापलाय. वरून शिरलेला प्रकाश डोळ्यांकडे परत यायला हवा, तो इथे खालून निसटतो."

मला आईच आठवली. आम्ही कितीही जीव लावला, तरी ती आनंद चेहऱ्यावर फारसा येऊ देत नसे. माणसात शिरलेली मायाही अशीच कुठून तरी निसटून जात असेल का, कोण जाणे.

"पुन्हा पैलू पाडले तर उजळेल, पण लहान होईल," बाई म्हणाल्या.

मी नको म्हणणार होते. आईने घातला तसाच तो मला हवा होता. पण नजर अधू झालेले बाबा हळूच म्हणाले, "होऊ दे लहान. मला आता आकार दिसत नाही गं, चमक तेवढी दिसते."

महिन्याभराने ती अंगठी घालून मी त्यांच्यापाशी बसले. त्यांनी माझा हात धरून उजेडाकडे वळवला, आणि बराच वेळ सोडला नाही.