आडव्या रेघा, उभ्या रेघा

गणिताच्या बाई रविवारी यावलमधल्या आमच्या मजूर संघटनेच्या खोलीत, पत्रकं छापायच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर आलेखाचे कागद छापायला येत. शाळा कागद देत नव्हती. एकाच स्टेन्सिलच्या मेणकागदावर आडव्या-उभ्या रेघा कोरल्या की त्या एकमेकींना छेदतात तिथे तो फाटून शाई सांडे, म्हणून आडव्यांची एक आणि उभ्यांची एक अशी दोन स्टेन्सिलं करून बाई प्रत्येक कागद यंत्रातून दोनदा फिरवत. रेघ हलली की तिलाच दटावत, "सरळ चाल गं!"

एकदा मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "बाई, केळीचे घड वाहणाऱ्यांच्या पोरांना आलेख कशाला? परीक्षेत तो प्रश्न सोडून द्या म्हणावं त्यांना."

बाईंचा हात थांबला नाही. "सोडायचं की नाही ते पोरं ठरवतील, सर. आधी कागद तर हातात पडू द्या. आलाच आहात तर यंत्राला थोडे कागद लावा."

सर निघून गेले. मी पत्रकांचा गठ्ठा खाली ठेवला आणि कागद लावू लागलो.