दिवाळ्याला नेलेल्या चाळीस पेट्या

आमच्या ड्रॉइंग ऑफिसला खिडकी होती, पण ती उघडायची नाही असा हुकूम होता. उघडली की रस्त्यावरची धूळ कागदावर बसते, म्हणे. पंखाही नव्हता, कारण पंख्याने कागद उडतो. कागदाची एवढी काळजी घेणारी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. मे महिन्यात मी कपाळाला पंचा बांधून बसायचो, कारण घामाचा एक थेंब ट्रेसिंगवर पडला की दोन दिवसांची मेहनत पाण्यात जायची. वर शिव्या माझ्याच वाट्याला.

साठीचं दशक सरत आलं होतं. नवी मुंबई हे नाव अजून कुणाच्या तोंडात नव्हतं. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत एक रस्ता, दोन्ही अंगांना भातखाचरं, पलीकडे मिठागरं आणि खाडी, मधेमधे नव्या कारखान्यांची पत्र्याची छपरं. आमचा कारखाना रबाळ्याच्या अंगाला. बादल्या, टब, डबे, सगळं प्लास्टिकचं. मी तिथे ड्राफ्ट्समन, पण हंगामी. सहा महिने भरत आले की आठ दिवस घरी बसवायचे आणि मग नवीन माणूस असल्यासारखं पुन्हा घ्यायचे. माझं असं पाचदा झालं होतं. पाचही वेळा त्या आठ दिवसांत आय रोज सकाळी विचारायची, "बोलावलं का रे?" मी खेकसायचो. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.

आय खाडीकाठच्या दिवाळे गावची कोळीण. वडिलांना दम्याने धरल्यापासून होडी विकली होती आणि घर तिच्या डोक्यावरच्या म्हावऱ्याच्या पाटीवर चाललं होतं. पोराने खाडीत उतरायचं नाही हा तिचा हट्ट. मला तिने मॅट्रिकपर्यंत रेटलं, मग ठाण्याला ड्रॉइंगच्या कोर्सला घातलं. पोरगा कुठेतरी कायम झाला की तिची सुटका होणार होती, आणि ही गोष्ट तिला जेवढी ठाऊक तेवढीच मला. म्हणून मला त्या नोकरीचा संताप यायचा आणि सोडताही यायची नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

ऑफिसात माझ्या गावाबद्दल मी कधी बोललो नव्हतो. सकाळी अंग साबणाने दोनदा घासून यायचो. तरी एक जण नाक वर करून म्हणायचाच, "आज काय, बोंबील का?" मी हसायचो. काय करणार?

एक दिवस साहेबांनी मला बोलावलं. साहेब म्हणजे ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख, स्वभावाने वाईट नव्हते, फक्त घाईत असायचे. परदेशी कॅटलॉगातला एक फोटो त्यांनी माझ्यापुढे टाकला. "अशी पेटी पाहिजे. भरलेली असताना एकावर एक उभी राहील. रिकामी झाली की एकात एक बसेल. परतीच्या ट्रकमध्ये नुसती हवा भरून आणायला आपल्याला परवडत नाही."

ऐकायला सोपं वाटतं. पण एकात एक बसायची तर पेटी वरून रुंद आणि खालून निमुळती हवी, आणि तशी पेटी भरलेली असतानाही खालच्या पेटीच्या पोटात शिरणार, आतला माल चिरडणार. तीन आठवडे मी त्यात डोकं घातलं. जेवताना समोर दोन वाट्या घेऊन बसायचो. शेवटी सुचलं. पेटीच्या दोन टोकांच्या भिंती सारख्या काढायच्याच नाहीत. एका टोकाला आतून पायऱ्या एका जागी, दुसऱ्या टोकाला दुसऱ्या जागी. वरची पेटी उलट तोंडाने, म्हणजे अर्धी फिरवून, ठेवली की तिच्या तळाचे पाय खालच्या पेटीच्या पायऱ्यांवर टेकतात आणि ती उभी राहते. सुलट ठेवली की पाय पायऱ्या चुकवून आत उतरतात. चूक होऊ नये म्हणून मी एका टोकाला लाल पट्टा दिला. भरली असेल तर लाल एकाआड एक, रिकामी असेल तर लालावर लाल. बस्स!

लाकडाचा नमुना केला तेव्हा साहेबांनी तो चारदा ठेवून, फिरवून पाहिला आणि म्हणाले, "अरे वा!" अडीच वर्षांत त्यांच्या तोंडून माझ्यासाठी निघालेला तो पहिला चांगला शब्द. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी हवेत होतो.

पोलादाचा साचा कापून झाला, पहिल्या पेट्या निघाल्या, आणि तेव्हा साहेबांना कुठून तरी कळलं की मी दिवाळ्याचा. "छुपा रुस्तम निघालास की! आपल्याला मासळीचाच बाजार हवाय. चाळीस पेट्या घेऊन जा. आठ दिवस तुमच्या बायकांना वापरू दे. मी स्वतः बघायला येतो. त्यांनी हो म्हटलं तर शेठजी तुला कायम करतील, माझा शब्द."

चाळीस पेट्या एकात एक घालून टेम्पोत एका कोपऱ्यातच मावल्या. गावात नुसती जत्रा. आयने एक पेटी उचलून पाहिली, बोटाने टकटक केली, वास घेतला. "कुजायची नाय ना?"

"नाही कुजणार."

"मंग बरी हाय." आणि शेजारच्या काकीकडे वळून मोठ्याने, "माज्या पोरानं काडलीय ही, कागदावर!"

मी बायकांना लाल पट्ट्याचं सगळं समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता माझी चूक सांगतो. ती दुसऱ्या कुणाकडून झाली असती तर मी त्याला माफ केलं असतं. आमच्याकडे भरलेली पाटी बाई एकटीने डोक्यावरून कधी उतरवत नाही. दुसरी समोर येते, दोघी तोंडासमोर तोंड करून चार हातांनी ती धरतात, बोटं कडेखाली वळवून घट्ट, आणि "हां, सोड" म्हणत खाली घेतात. म्हावऱ्यावर बर्फ, बर्फावर ओलं गोणपाट, आणि ते गोणपाट चारी बाजूंनी कडेवरून लोंबत असतं. हे मी जन्मल्यापासून पाहिलेलं. तरी लाल पट्टा मी नेमका त्या गोणपाटाखाली दिला, आणि पेटीचं वजन नेमकं त्या वळलेल्या बोटांवर यावं अशी कड काढली. कारण ऑफिसात पेटीची चाचणी दोन हमालांनी केली होती, बाजूच्या खोबणीत हात घालून, कोरडी वाळू भरून. आणि मी घरून निघताना घर अंगावरून घासून काढूनच निघत होतो ना!

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढत होतो तेवढ्यात बंदरावरून आरडाओरडा ऐकू आला. ठाण्याच्या ट्रकमध्ये पेट्या रचत होते. आयच्या डोक्यावरची पेटी काकीने समोरून धरली, दोघींनी ती खालच्या पेटीवर टेकवली. तोंड सुलट पडलं. कोलंबी आणि बर्फाने भरलेली पेटी टेकली नाही, सरळ खाली गेली. काकीने हात काढला. आयचा उजवा हात दोन कडांच्या मध्ये राहिला.

मी पोचलो तेव्हा दोघं जण वरची पेटी उचलायला बघत होते आणि ती निघत नव्हती. माझी पेटी! घट्ट बसावी म्हणून मी भिंतीचा उतार इतका जपून काढला होता. आय ओरडत नव्हती. खालचा ओठ दातांत धरून माझ्याकडे बघत होती. शेवटी एकाने सगळी कोलंबी हाताने उपसून खाली ओतली, तेव्हा पेटी सुटली.

मधली दोन बोटं गेली होती कामातून. बेलापूरच्या डॉक्टरांनी लाकडी पट्ट्या लावून बांधली आणि स्पष्ट सांगितलं, जोडतील पण वळायची नाहीत. उजवा हात म्हणजे तिचा कोयत्यावर म्हावरं कापायचा हात. मी घरी कोपऱ्यात बसून रडलो, आणि रडताना डोक्यात दुसराही विचार चालू होता, की साहेब शनिवारी येणार आहेत. या विचाराची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात साहेबांसमोर उभा राहिलो. "साहेब, पेटीत एक अडचण आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "साचा कापून झालाय. शेठजींना मी शब्द दिलाय. आता मला अडचण नको, होकार आण."

"पण साहेब…"

"तुझे सहा महिने कधी भरतात रे?"

पुढच्या आठवड्यात भरत होते. मी टेबलाकडे परत गेलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. संध्याकाळी घरी येऊन आयला काही न लपवता सगळं सांगितलं, साहेबांचं बोलणंसुद्धा. म्हटलं, शनिवारी तूच त्यांना हात दाखव. मला बोलता येत नाही, तुला कोण अडवणार? ती नुसतं "बघू" म्हणाली.

शनिवारी साहेब जीपने आले. पायांत बूट, हातात रुमाल, पण नाकाला लावला नाही, तेवढे मानी होते. बंदरावर बायका जमल्या होत्या. आय सगळ्यात पुढे, फडकी खांद्यावरून पुढे ओढून घेतलेली, उजवा हात तिच्या आत. मी साहेबांच्या मागे उभा.

"काय मावशी, कशी आहे पेटी?"

मी तिच्याकडे बघत होतो. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"झ्याक हाय, साहेब. धुवायला हलकी. बांबूच्या पाटीवानी कुजत नाय, पानी गलत नाय."

"काही त्रास?"

"तरास कसला? ए, दाखवा गं साहेबांना!"

आणि काकी आणि आणखी एक बाई पुढे झाल्या. गोणपाट आत खोचलेलं, लाल पट्टा उघडा. बोटं कडेखाली नव्हती, खोबणीत होती. एकीने लाल पाहिलं, दुसरीने पेटी फिरवली, टेकवली. चार पेट्या एकावर एक, भिंतीसारख्या. मग रिकाम्या चार एकात एक. दोन दिवसांत आयने एका हाताने सगळ्या बंदराला शिकवलं होतं, आणि मला कुणी पत्ता लागू दिला नव्हता.

साहेब खूश. "शाबास! मावशी, हा तुमचाच ना मुलगा? समजा कायम झाला."

"कवा?"

साहेब हसले. "सोमवारी."

"कागदावर?"

"हो हो, कागदावर."

"मंग ठीक," आय म्हणाली. साहेबांनी निघताना हात जोडले. तिने डावा हात कपाळाला लावला. कोळणी अशाच नमस्कार करत असतील असं त्यांना वाटलं असावं.

जीप गेल्यावर मी घरात शिरून तिच्यावर ओरडलो. जन्मात तिच्यावर एवढा ओरडलो नव्हतो. "खोटं का बोललीस? उद्या दुसऱ्या कुणाचा हात जाईल! मी सोमवारी जाऊन सगळं सांगणार. नोकरी गेली खड्ड्यात!"

ती चुलीपुढे बसली होती, डाव्या हाताने लाकडं सारत. दुसऱ्या कुणाचा हात जाऊ नये याची काळजी तू घे, म्हणाली, तू शिकलेला हायस. मग अगदी साध्या आवाजात, "पन सांगू नको. सांगशील तर माजी बोटं फुकट गेली ना रे, पोरा."

सोमवारी पत्र मिळालं. महिन्याभराने मी साहेबांना म्हटलं, रिकाम्या पेट्या एकमेकींत अडकतात, आत हवा कोंडते, कडेखाली चार ठोकळे दिले तर सुटतील. साच्यातलं थोडं पोलाद कोरलं की प्लास्टिक तेवढं वाढतं, खर्च फार नाही. ते म्हणाले, कर. मी ठोकळे दोन बोटं जाड काढले. दोन कडांच्या मध्ये आता हात राहू शकत होता. पुढची पेट्यांची गाडी तशीच निघाली, आणि ते का केलं हे मी कुणालाही सांगितलं नाही.

मला प्लास्टिक कधी आवडलं नाही. त्या खोलीत दुपारी तीनच्या सुमाराला श्वास कोंडायचा, खिडकी तशीच बंद. पुढे एकदा पुण्याहून चांगलं बोलावणं आलं, एकदा मित्राने भागीदारीत वर्कशॉप काढू म्हटलं. एकदा तर राजीनामा लिहून खिशात घालून घरीही आलो. आय दारात बसून दोन ताठ बोटांच्या मध्ये बोयट धरून डाव्या हाताने खवले काढत होती. इतक्या वर्षांत तिला ते जमायला लागलं होतं. मला बघून तिने सवयीने विचारलं, "बरा हायस ना कामावर?"

"बरा आहे," मी म्हणालो. आणखी एकवीस वर्षं मी तिथेच काढली.