जिन्याखालचे ठोसर सर

या शहरात मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो ठोसर सरांचा. ते कुणाला ‘कसा आहेस’ असं विचारत नसत. समोरच्याच्या सायकलचा पुढचा ब्रेक दाबायचे, हँडलखालच्या सांध्यावर दोन बोटं ठेवायचे आणि सायकल मागेपुढे हलवायचे. सांधा कटकटला की म्हणायचे, “खेळ आहे. उतर.” मग माणूस कितीही घाईत असो.

धायरीच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहत; वरच्या मजल्यावर आम्ही तिघे भाडेकरू. तंत्रशाळेत आयुष्यभर फिटिंग शिकवून सर निवृत्त झाले होते. जिन्याखाली त्यांचा लाकडी बाक होता, त्यावर हत्यारं. कुणाचीही सायकल तिथे फुकट दुरुस्त व्हायची. फक्त बोलणी खावी लागत.

माझ्याकडे बहिणीने शिलाईच्या कमाईतून घेऊन दिलेली जुनी माउंटन बाइक होती. वाशीम जिल्ह्यातून एसटीच्या टपावर टाकून आणलेली. तिचा पुढचं चाक धरणारा शॉकअपवाला चिमटा गंजून आखडला, म्हणून शनिवार पेठेतल्या एका दुकानातून साधा चिमटा बसवून घेतला. त्या दिवसापासून ब्रेक दाबला की पुढची बाजू थरथरायची. दुकानदार म्हणाला, “जुनी गाडी आहे, हलणारच. नवीन घ्या.” मला ते खरं वाटलं होतं.

सरांनी चिमटा उतरवला. हँडलच्या नळीत वर आणि खाली एकेक वाटी असते, वाटीत बेअरिंग, आणि खालचं बेअरिंग चिमट्याच्या बुडाशी घट्ट बसवलेल्या कडीवर फिरतं. या सगळ्याला मिळून हेडसेट म्हणतात. नव्या चिमट्याला जुनी कडी सैल होत होती. दुकानदाराने तिच्याखाली शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून घातला होता. सरांनी तो चिमटीत धरला आणि इतके लाल झाले, की मी पाणी आणायला धावलो.

पाणी बाजूला ठेवून ते मला घेऊन थेट शनिवार पेठेत गेले. दुकानदार म्हणाला, “अहो काका, जुनी गाडी आहे, एवढ्या-तेवढ्याने काय होतंय? चालतंय की.”

“तुमचे दातही जुनेच असतील. हलतात का? त्यात पत्रा घातलाय का?”

“काका, गिऱ्हाईक आहे समोर.”

“मग सांगा त्यांनाही, कसं बसवता ते.”

गिऱ्हाईक निघून गेलं. सरांनी मापाची कडी मागून घेतली आणि आम्ही परत आलो. ‘चालतंय की’ या दोन शब्दांचा त्यांना मनस्वी राग होता.

कडी त्यांनी मलाच बसवायला लावली. मी कडीवर एक लोखंडी नळी टेकवून एकाच बाजूला ठोकू लागलो.

“अरे, तिरकी जाईल! फिरव, मग ठोक. काय करतोयस?”

“बसवून राहिलो ना, सर.”

“राहू नकोस, बसव.”

शेवटी मी हँडलवरचा मधला बोल्ट जोर लावून आवळला, तर हँडल जड झालं. तो बोल्ट फक्त खेळ, म्हणजे सांध्यातला सैलपणा, काढण्यापुरता असतो. हँडल धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट. ते आधी सैल करायचे आणि सर्वांत शेवटी आवळायचे. मी पदवीधर, आमच्या घरात पहिलाच. पण काम हाताने तपासल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नये, हे मला सरांनी शिकवलं. हडपसरच्या माझ्या कंपनीत आज माझं नाव आहे ते त्या सवयीमुळे.

पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सर मुलीकडे नाशिकला गेले. ते नाहीत असं पाहून कमिटीने फळ्यावर नोटीस लावली: पार्किंगमध्ये गॅरेज चालवल्याने सोसायटीच्या सौंदर्यास बाधा येते. मी कामावरून आलो तर बाक गेटबाहेर उलटा पडलेला आणि हत्यारं भंगारवाल्याकडे गेलेली. सर्वसाधारण सभेत मी उभा राहिलो. “भाडेकरूंनी बोलू नये,” सेक्रेटरी म्हणाले. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या मुलांच्या सायकली सरांनी नीट केल्या होत्या. एकानेही मान वर केली नाही. ठराव झाला की सरांनी फरशीवरच्या तेलाच्या डागांबद्दल लेखी माफी मागितल्यास बाकाचा ‘विचार करण्यात येईल’. माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. त्याच रात्री मी सरांना पत्र लिहायला घेतलं. पाठवलं मात्र आठवड्याने, सगळी सोय झाल्यावर.

आदरणीय सर,

सादर नमस्कार. डोळा आता बरा असेल. कमिटीचा कागद तुम्हाला आला असेल. त्यावर सही करू नका, माझी हात जोडून विनंती आहे. ज्यांनी तुमच्या मागे तुमचं सामान बाहेर फेकलं, त्यांची माफी तुम्ही का मागायची?

मी सोसायटीतली खोली सोडली आहे. गावठाणात एक खोली घेतली, तिला रस्त्याकडे ओटा आहे. बाक ओट्यावर मांडला आहे. भंगारवाल्याकडून मिळाली तेवढी हत्यारं परत आणली. तुमच्या घरापासून चालत यावं इतकंच अंतर आहे. तुम्ही याल तेव्हा काम सुरू करू.

घरमालकीणबाईंनी आधीच बजावलं आहे, “ओट्यावर त्येल सांडलं तर मी वरडणार हाय.” त्या ओरडतील, सर. पण तोंडावर ओरडतील.

तुमचा,
गजानन