इर्रेफ्युटेबल

मी इंग्रजीत सरळ चार ओळी लिहू शकतो ते गवई सरांमुळे. मेहकरला ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे. रोज एक अवघड शब्द फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, "उद्या वाक्यात वापरून आणा." त्यांनी दिलेला एक शब्द मी भोपाळच्या कारखान्यात माझ्या रिपोर्टमध्ये वापरला. रिपोर्ट आमचे वरिष्ठ पुराणिक साहेब यांच्या टेबलावर होता, मी समोर उभा होतो, आणि साहेबांनी त्या शब्दाखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली होती.

"देअर इज इर्रेफ्युटेबल एव्हिडन्स ऑफ निग्लिजन्स बाय द वाइंडर." साहेबांनी मोठ्याने वाचलं. "बढिया. कुठून उचललंस रे हे?"

"शाळेत शिकलो सर."

"अर्थ?"

"खोडून काढता येत नाही असा."

"आणखी एक वाक्य कर."

मला एकच पाठ होतं. "सूर्य पूर्वेला उगवतो हे इर्रेफ्युटेबल आहे."

"सूर्याला चार्जशीट मिळणार नाहीये," साहेब म्हणाले. "शिवचरणला मिळेल."

प्रकरण काय होतं ते सांगतो. मोटरचा जो भाग फिरत नाही त्याला स्टेटर म्हणतात. त्याच्या लोखंडी गाभ्यात लांब खाचा असतात, त्यांना आम्ही स्लॉट म्हणतो. तांब्याच्या तारेची कॉइल टेप गुंडाळून या स्लॉटमध्ये बसवतात. टेपमुळे वीज लोखंडात शिरत नाही. कॉइल बसवतो तो वाइंडर. सगळं झालं की नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज देऊन टेस्ट घेतात. आमचा एक स्टेटर या टेस्टमध्ये फेल झाला. एका कॉइलची टेप फुटून तिथे काळा डाग पडला होता.

मी इन्स्पेक्शनला होतो, नोकरीला दोन वर्षं झाली होती. कारण शोधायचं काम माझ्याकडे आलं. ती कॉइल बाहेर काढली. डागाला लागून टेपवर एक बारीक चीर होती. वाइंडर टेप चाकूने कापतात. जॉब कार्डावर त्या कॉइलपुढे सही होती शिवचरण यांची. चीर, चाकू, सही. एका दुपारीत रिपोर्ट तयार झाला. इतका चांगला शब्द वापरायची संधी नोकरीत पहिल्यांदाच आली होती, हेही खरं सांगतो.

शिवचरण यांची चार्जमनच्या, म्हणजे कामगारांवर देखरेख करणाऱ्याच्या, जागेसाठी मुलाखत पुढच्याच आठवड्यात होती. चार्जशीट, म्हणजे कारखान्याचं आरोपपत्र, हाती पडलं की ती मुलाखत गेली. पुढची कधी येईल याचा नेम नव्हता, आणि त्यांच्या रिटायरमेंटला थोडीच वर्षं उरली होती.

"शिवचरण काय म्हणाला?" साहेबांनी विचारलं.

"त्यांना विचारलं नाही सर. पुरावा स्पष्ट होता."

"मग खोडायला कोण गेलं होतं? कोणी गेलंच नाही, तर खोडता येत नाही हे तुला कळलं कसं?"

साहेब मूळ इंदूरचे. रागावले की आवाज चढायचा नाही, उलट उतरायचा. त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. "उद्यापर्यंत तूच खोडून बघ. नाही खोडला गेला तर मी सही करतो."

मी शॉपमध्ये, म्हणजे वाइंडिंग चालतं त्या शेडमध्ये गेलो. शिवचरण स्टुलावर बसून टेप गुंडाळत होते. मला बघून उठले नाहीत. बातमी पोहोचली होती.

"आइए साब. सुना है, हमारे ऊपर अंग्रेज़ी में कुछ लिखा है आपने."

शेजारचा वाइंडर हसला. मी म्हटलं, "शिवचरणजी, एक बार कॉइल देख लीजिए."

त्यांनी चष्मा पुसला, कॉइल मांडीवर घेतली आणि चिरेवरून अंगठा फिरवला.

"टेप कैसे लपेटते हैं? कॉइल के चारों तरफ़. तो चाकू कैसे चलेगा? कॉइल की लंबाई में. ये चीरा देखिए. ऊपर से नीचे है. कॉइल जब स्लॉट में नीचे बैठती है, उसी रास्ते का है. चाकू का नहीं, लोहे का है साब."

"लोहे का कैसे?"

"आप तो इन्स्पेक्शन वाले हैं. रुई है ना आपके पास?"

स्लॉट पत्र्याच्या पातळ चकत्यांचा बनलेला असतो. एखाद्या चकतीच्या कडेला धारदार कण राहिला तर त्याला बर म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कॉइल बसवण्याआधी स्लॉटमधून कापूस फिरवतात. बर असेल तर कापूस अडकतो. मी कापूस आणला आणि त्या रिकाम्या स्लॉटमधून हळू ओढला. मध्याच्या थोडा पुढे तो अडकला. दोनचार तंतू तिथेच राहिले. कॉइलवरच्या चिरेशी माप लावून बघितलं. जागा तीच होती.

"स्लॉट पास किसने किया था?" शिवचरण यांनी विचारलं. कार्ड माझ्या हातात होतं, म्हणून मला विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

त्या रकान्यात सही माझी होती. मला तो दिवस आठवला. जेवणाचा भोंगा झाला होता. शेवटच्या काही स्लॉटमधून मी कापूस फिरवला नव्हता, टॉर्च मारून बघितलं आणि सही केली.

"मैंने," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "तो साब, अब अंग्रेज़ी में क्या लिखोगे?"

मी बरखेड्याला कारखान्याच्या वसाहतीतल्या माझ्या क्वार्टरवर जाऊन नवीन रिपोर्ट लिहिला. त्यात चिरेची दिशा लिहिली, कापूस कुठे अडकला ते लिहिलं, आणि स्लॉट तपासणारा म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. मोठा शब्द एकही नव्हता. साहेबांनी दोनदा वाचला, सही केली आणि म्हणाले, "ताकीदपत्र मिळेल तुला. मीच देईन." चौथ्या दिवशी दिलं.

त्यानंतर तीस वर्षं मी रिपोर्ट लिहिले. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याला आधी विचारायचं, एवढा एक नियम पाळला. त्यामुळे रिपोर्टला उशीर व्हायचा, आणि उशिराबद्दल बोलणीही खाल्ली.

माझ्या बाबांना वाचता यायचं नाही, गावी माझी पत्रं गवई सरच त्यांना वाचून दाखवायचे. ताकीदपत्र मिळालं त्याच महिन्यात सरांना पाठवलेलं पत्र असं होतं:

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार. तुम्ही शिकवलेला इर्रेफ्युटेबल हा शब्द मी नोकरीत वापरला आणि चुकलो. स्पेलिंग बरोबर होतं. पण एका वडीलधाऱ्या कारागिरावर मी तो लावला, त्यांना काही न विचारता. चूक माझी निघाली. त्यांची मुलाखत झाली, ते चार्जमन झाले. पेढे द्यायला स्वतः घरी आले होते. मी पाया पडलो तर म्हणाले, "अब इतना भी मत करो, साब." मला ताकीदपत्र मिळालं आहे. बाबांना तुम्ही नेहमीप्रमाणे हे पत्र वाचून दाखवाल. ताकीदपत्राचा भाग तेवढा गाळा, असं मी वर लिहिलं होतं. जिथे शाई फासली आहे तिथे तेच होतं. ते खोडलं आहे. सगळं वाचा.