नाना हवालदारांचा काटा आणि माझ्या हेडर फाइली

"काटा मारला! आरं, काटा मारला रं!"

ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चढून एक बागायतदार असा ओरडत होता, की तिकडं खंडाळ्याच्या घाटात ट्रकवाल्यांनी ब्रेक दाबले असतील. वजनकाट्याच्या खोलीत आम्ही दोघंच — काट्यावरचे नाना हवालदार, आणि मी, कारखान्याचा संगणकवाला. खिडकीबाहेर पाचशे माणसं!

बरं, साठ. आज फुगवायचं नाही असं ठरवलंय.

ही गोष्ट मी साताऱ्यापासून सांगलीपर्यंत शंभरदा सांगितलीय आणि दरवेळी टाळ्या घेतल्यात. पण ती जी सांगितली, ती वेगळी. खरी कुणालाच सांगितली नाही — बायकोलासुद्धा नाही. तुला सांगतो, गड्या.

फलटणकडचा साखर कारखाना, ऐन गळीत हंगाम. काट्याचा संगणक लिनक्सवर चालायचा, बसवला मीच. त्या दिवशी सकाळी मी सगळी यंत्रणा अपडेट केली. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही, हात शिवशिवले! मशीन पुन्हा चालू झालं ते नव्या कर्नेलवर — म्हणजे लिनक्सच्या नव्या गाभ्यावर — आणि वजनाचा आकडा गायब. काट्यावरचं वजन पडद्यावर आणणारं एक छोटं मॉड्यूल असतं. कर्नेल बदलला की ते नव्यानं कंपाइल करावं लागतं, म्हणजे त्याच्या मापानं पुन्हा बांधावं लागतं. करायला गेलो, तर मशीन म्हणालं — हेडर फाइली सापडत नाहीत. म्हणजे, कर्नेलच्या घरात कुठली खोली कुठं, याचा नकाशाच नाही. मीच टाकायचा विसरलो होतो.

उपाय? मोबाइलचं नेट जोडायचं, एक कमांड, दहा मिनिटं. नाहीतर जुन्या कर्नेलवर परत जायचं — दोन मिनिटं!

मग का नाही केलं? कारण खिडकीतून मी डरकाळी फोडली होती — "एका मिनिटात काटा चालू!" आणि विसरलो म्हणायचं कसं, एवढ्या लोकांदेखत?

मी जुन्या कर्नेलच्या हेडर फाइली घेतल्या, फोल्डरला नव्या कर्नेलचं नाव दिलं, आत जिथं जिथं जुन्या कर्नेलचा क्रमांक होता तिथं नव्याचा ठोकला. आणि काय सांगू — कंपाइल झालं! मॉड्यूल चढलं! आकडा नाचायला लागला! मी खुर्चीतून उडालो तो पत्र्याला टेकलोच असेन. नानांना टाळी देत म्हणालो, "बघा नाना, थोरल्या भावाचा दाखला लावून धाकट्याला भरती केला!"

नाना फौजेत उभी हयात काढलेले. म्हणाले, "आसली भरती पळताना उघडी पडती."

नाना काट्यावर आहेत म्हटल्यावर लोक पावती न वाचता खिशात घालायचे. सख्ख्या भावाच्या उसालाही त्यांनी किलोची सूट दिली नव्हती. हे आत्ताच का सांगतोय? कारण पुढचं बोलायला जीभ वळत नाही.

आधी एक बैलगाडी वजन करून गेली. मागून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चढला — आणि पडद्यावर आकडा बैलगाडीचाच! गोठला होता. नाना म्हणाले, "थांब रं, जरा बघू दे." मी थांबलो नाही. छपाईचं बटण मी दाबलं. पावती खिडकीतून दिली ती मात्र नानांनी, कारण ते त्यांचं काम. लोकांना हात दिसला तो नानांचा.

मग ती आरोळी. मग शेतकी अधिकारी धावत आले. सगळ्यांसमोर त्यांनी मला — मलाच — विचारलं, "दोष मशीनचा की माणसाचा?"

मी म्हणालो, "मशीन ओके आहे, साहेब."

बस्स, एवढंच. नानांचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरज होती का?

नानांना तिथूनच उठवलं आणि यार्डात गाड्यांना नंबर लावायला बसवलं. ते खोलीबाहेर पडल्यावर मी खऱ्या हेडर फाइली उतरवल्या, मॉड्यूल नीट बांधलं, खोटं फोल्डर पुसून टाकलं. हंगाम संपताना मला फेटा बांधला, अन् मी तो बांधून घेतला. नानांना मात्र पोरंसुद्धा 'काटामारे नाना' म्हणायला लागली — ज्या माणसानं सख्ख्या भावाला किलो सोडला नाही, त्याला! त्यांनी नोकरी सोडली.

चार हंगाम गेले. परवा म्हसवडजवळ त्यांच्या वस्तीवर गेलो. वाटेत भाषण घोकलं होतं, तासाभराचं. नाना शेळ्यांना पाला टाकत होते. मी म्हणालो, "नाना, त्या दिवशी काट्यावर…"

"ठाव हाय. मी मागंच हुतो की उभा."

"मग सायबाला बोलला का न्हाईसा?"

नानांनी पुढच्या शेळीला पाला टाकला.

"मला कुनी इचारलंच न्हाई."